चालवता न येणाऱ्या सायकली

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९८० च्या दशकात यंत्र अभियांत्रिकीचे एक प्राध्यापक विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन मुद्दाम बिघडवलेल्या सायकली बांधत असत. त्यांचं नाव रिचर्ड क्लाइन. शिकवायचा विषय होता नियंत्रणशास्त्र, म्हणजे डळमळणारी गोष्ट ताब्यात कशी ठेवायची याचं गणित. फळ्यावरची समीकरणं मुलांच्या गळी उतरत नाहीत, हे पाहून त्यांनी सायकल हेच पाठ्यपुस्तक केलं. त्यातली सर्वांत गाजलेली सायकल दिसायला अगदी सरळ होती. दोन चाकं, हँडल, सीट, पायडल. फक्त हँडल फिरवलं की पुढचं चाक जागच्या जागी राहायचं आणि वळायचं ते मागचं.

कुणीही बसावं आणि चालवून दाखवावं, असं खुलं आव्हान होतं. बसणारा पडायचा. कसलेला सायकलपटूही पडायचा. कारण सरावाच्या आवाक्यापलीकडचं होतं. सायकल डावीकडे कलली की तिची चाकं डावीकडे सरकवून पुन्हा वजनाखाली आणावी लागतात. आपल्या नेहमीच्या सायकलीत पुढचं चाक डावीकडे वळवलं की हे लगेच घडतं. मागून वळणाऱ्या सायकलीला डावीकडे न्यायचं तर तिचं मागचं चाक आधी उजवीकडे बाहेर पडतं. म्हणजे आधार जिथे हवा, नेमका त्याच्या उलट दिशेला जातो. वळण्याचा उपयोग होईपर्यंत माणूस जमिनीवर आलेला असतो.

विद्यार्थ्यांच्या हातून झालेली ही गोष्ट किती मोलाची होती, ते एका सरकारी प्रयोगावरून कळतं. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा विभागाने मागून वळणारी मोटारसायकल बनवून घेतली होती. लांब, बुटकी आणि म्हणून अधिक सुरक्षित गाडी होईल अशी कल्पना होती. चाचणीत दोन्ही बाजूंना आधाराचे दांडे लावावे लागले. चित्रफीत तपासली तेव्हा ती गाडी दोन चाकांवर सलग जास्तीत जास्त अडीच सेकंद राहिल्याचं दिसलं. कागदावर चार ओळींचं समीकरण आधी मांडलं असतं तर ते यंत्र बांधायची गरजच पडली नसती. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँटा बार्बरा आवारात मागून वळणारी, पण चालवता येणारी सायकल बांधली गेली. तिथे चालकाला बराच उंच बसवलं. उंच वस्तू सावकाश कलते, आणि तेवढ्या अवधीत चाकाला उलटं जाऊन परत यायला वेळ मिळतो.

सायकल उभी का राहते, हा प्रश्न इतका साधा वाटतो की बहुतेक शिक्षक एका वाक्यात उत्तर देऊन पुढे जातात. फिरणारं चाक भोवऱ्यासारखं वागतं, म्हणून. हे उत्तर मला पूर्वीपासून खटकतं, कारण ते ऐकलं की पुढचा प्रश्न विचारावासा वाटत नाही. चाकाचा हा परिणाम खोटा नाही. वेगाने फिरणारं पुढचं चाक डावीकडे कललं की ते आपोआप डावीकडे वळू पाहतं. फेलिक्स क्लाइन आणि आर्नोल्ड झोमरफेल्ड या जर्मन शास्त्रज्ञांच्या भोवऱ्यावरच्या ग्रंथाच्या १९१० च्या खंडात सायकलीचं गणित आहे, आणि फिरत्या चाकाच्या या छोट्याशा बळावाचून सायकल आपली आपण उभी राहणार नाही, असा निष्कर्ष तिथे निघाला. पुढची साठ वर्षं तो कुणी फारसा तपासला नाही.

तपासला तो डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने. त्याची पद्धत रिचर्ड क्लाइन यांच्या वर्गासारखीच होती: सिद्धान्त खरा असेल तर तो मोडणारी सायकल चालवता येऊ नये. त्याने पुढच्या चाकाशेजारी तेवढंच दुसरं चाक बसवलं, जमिनीला न टेकणारं, आणि ते उलट्या दिशेने फिरवलं. दोन्ही चाकांचे परिणाम एकमेकांना पुसून टाकतात. सायकल तरीही सहज चालली. मग त्याने पुढे फर्निचरला लावतात तसं चिमुकलं चाक बसवून पाहिलं. पुढचा फोर्क उलटा फिरवून पाहिला. शेवटी फोर्क पुढे वाढवून चाक लांब नेलं, आणि तेव्हा कुठे खरोखर अवघड सायकल हाती लागली. एप्रिल १९७० मध्ये ‘फिजिक्स टुडे’ या मासिकात हे सगळं छापून आलं.

जोन्सने बोट ठेवलं ते एका अंतरावर. हँडलचा दांडा सरळ उभा नसतो, मागे झुकलेला असतो. त्याच्या रेषेत खाली दोरा धरला तर तो जमिनीला जिथे टेकेल, त्याच्या थोडं मागे चाक जमिनीला टेकलेलं असतं. इंग्रजीत या अंतराला ट्रेल म्हणतात. साधारण सायकलीत ते चार ते आठ सेंटिमीटर भरतं. चाक वळणाच्या रेषेच्या मागे घसटत येत असल्यामुळे सायकल कलली की जमिनीचा रेटा त्याला कलत्या बाजूला वळवतो. हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. सायकल उभी करून नुसती सीट धरावी, हँडलला हात लावू नये, आणि ती डावीकडे कलती करावी. हँडल डावीकडे वळतं. उजवीकडे कलती केली की उजवीकडे. चाक फिरतही नसतं, म्हणजे भोवऱ्याचा इथे काही संबंध नाही.

दुसरा प्रयोग पावसाळ्यातला. साचलेल्या पाण्यातून सायकल नेऊन कोरड्या डांबरावर यावं आणि उजवीकडे वळावं. मग उतरून ओल्या खुणा पाहाव्यात. उजव्या वळणाच्या आधी पुढच्या चाकाची रेघ किंचित डावीकडे गेलेली दिसते. उजवीकडे वळायचं तर आधी उजवीकडे कलावं लागतं, आणि कलण्यासाठी चाकं अंगाखालून डावीकडे काढावी लागतात. आपण सगळे हे रोज करतो आणि विचारलं तर ठामपणे नाही म्हणतो. स्कॉटिश अभियंता विल्यम रँकिनने १८६९ मध्येच हे लिहून ठेवलं होतं, तेव्हा आजच्या रूपातली सायकल जन्मालाही यायची होती. विमान उडवणारे राइट बंधू मुळात सायकली बनवणारे होते, आणि विल्बर राइटला ही गोष्ट नीट ठाऊक होती. कलणारं यंत्र ताब्यात ठेवता येतं, हा भरवसा त्या दोघांनी सायकलीवरूनच आकाशात नेला. १९०१ मध्ये पंखांचे आकार तपासण्यासाठी त्यांनी सायकलीच्या हँडलसमोर एक आडवं चाक बसवलं आणि ती जोरात चालवत वाऱ्याचा जोर मोजला.

सायकलीचं पूर्ण आणि बरोबर गणित पहिल्यांदा मांडलं तेही एका विद्यार्थ्याने. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या फ्रान्सिस व्हिपलचा निबंध १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास फ्रान्समध्ये एमान्युएल कार्वालोनेही स्वतंत्रपणे तसंच काम केलं. व्हिपल पुढे हवामानशास्त्रज्ञ झाला. सायबेरियातल्या १९०८ च्या प्रचंड स्फोटाच्या हवेतल्या लाटांवर त्याने काम केलं, सायकलीकडे परत वळला नाही. त्याची समीकरणं जुन्या नियतकालिकात पडून राहिली. नंतर कितीतरी जणांनी हेच गणित पुन्हा मांडलं आणि त्यात चुका केल्या, कारण आधीचं कुणी वाचलेलंच नव्हतं.

हा गुंता सोडवायला बसले जिम पापाडोपोलस. १९८० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात सायकल-संशोधनाचा एक छोटा प्रकल्प चालत होता. अँडी रुइना त्यात प्राध्यापक होते, आणि पापाडोपोलस त्याचा कणा. त्यांनी जुने निबंध एकेक करून तपासले. स्कॉट हँड नावाच्या विद्यार्थ्याने १९८८ च्या आपल्या प्रबंधात वेगवेगळ्या लेखकांची समीकरणं शेजारी शेजारी ठेवून कोण कुठे चुकलं हे दाखवलं. व्हिपल जवळजवळ निर्दोष निघाला. पण सायकलीच्या संशोधनाला पैसा देणारं कुणी नव्हतं. प्रकल्प थांबला, आणि पापाडोपोलस यांना विद्यापीठात पक्की जागा मिळायला पुढे कित्येक वर्षं गेली. हा भाग वाचताना मला वाईट वाटतं. जगातल्या कोट्यवधी माणसांच्या रोजच्या वाहनाचं शास्त्र कुणी नीट लावून दिलं, तर त्याला त्या कामावर पोट भरता येऊ नये, ही व्यवस्थेची चूक आहे.

ते काम वर आलं नेदरलँड्समुळे. याप मेइयार्ड, डेल्फ्टच्या तंत्रज्ञान विद्यापीठातले आरेंड श्वाब, आणि रुइना व पापाडोपोलस या चौघांनी २००७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात सायकलीची समीकरणं एकदाची नक्की करून दिली. एक सायकल आणि तिच्यावर ताठ बसलेला माणूस यांचं वर्णन त्यात २५ आकड्यांत होतं: चाकांमधलं अंतर, ट्रेल, हँडलच्या दांड्याचा कोन, प्रत्येक भागाचं वजन, ते वजन कुठे आहे, आणि तो भाग फिरवायला किती जड जातो. नमुन्यादाखल घेतलेल्या सायकलीचं उत्तर असं: सेकंदाला ४.३ ते ६ मीटर या वेगात, म्हणजे ताशी सुमारे १५ ते २२ किलोमीटर असताना, ती कुणी हँडल न धरताही आपला तोल आपण सांभाळते. त्याहून हळू असेल तर नागमोडी हेलकावत पडते. जोरात असेल तर अगदी सावकाश एका बाजूला कलत जाते, पण ते इतकं संथ असतं की चालवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

गणित बरोबर आहे हे ठरवायला सायकल पुन्हा जमिनीवर आणावी लागली. तेही एका विद्यार्थ्याच्याच प्रकल्पातून झालं. योडी कोइमान याने डेल्फ्टमधल्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी २००६ मध्ये एका सायकलीवर वेग, कल आणि हँडलचं वळण मोजणारी उपकरणं बसवली. खेळाच्या हॉलमध्ये तिला ढकलून सोडायचं, बाजूने एक धक्का द्यायचा आणि ती सावरते कशी हे नोंदवायचं. मोजलेले आकडे समीकरणांशी जुळले.

मग या मंडळींनी खरा अवघड प्रश्न घेतला. भोवऱ्याचा परिणाम काढून टाकला आणि ट्रेलही काढून टाकला, तर? तशी सायकल त्यांनी बांधली. लहान चाकं, त्यांना टेकून उलटं फिरणाऱ्या तेवढ्याच चकत्या, आणि पुढचं चाक वळणाच्या रेषेच्या चार मिलिमीटर पुढे टेकणारं, म्हणजे ट्रेल असावा त्याच्या उलट. वर माणूस बसायला जागा नाही, वजनाचे दोन गोळे आहेत. दिसायला ती सायकलीपेक्षा लहान मुलांच्या स्कूटरच्या जवळची वाटते. ढकलून दिली की ती सरळ चालत राहते. बाजूने टपली मारली तरी डुलते आणि सावरते. एप्रिल २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा निबंध आला, आणि पाठ्यपुस्तकांतली दोन्ही उत्तरं एकदम अपुरी ठरली.

ती उभी राहते कशामुळे? पुढच्या भागाचं वजन तिथे खाली आणि पुढे ठेवलं आहे. तळहातावर उभी केलेली आखूड काठी लांब काठीपेक्षा लवकर पडते, तसाच हा बुटका पुढचा भाग उंच मागच्या भागापेक्षा लवकर पडू पाहतो. दोन्ही एकमेकांना जोडलेले असल्यामुळे पडण्याच्या या घाईतून हँडल कलत्या बाजूला वळतं. आपली आपण तोल सांभाळणारी सायकल कलते त्याच बाजूला वळते, एवढं या संशोधनातून पक्कं झालं. ते घडवणारी कारणं अनेक आहेत: चाकाचं फिरणं, ट्रेल, वजनाची मांडणी. एखादं कमी पडलं तर दुसरं ते भरून काढू शकतं. कुठलं तरी एकच कारण पुरेसं किंवा अटळ आहे, असं सांगता येत नाही.

माणूस बसला की आणखी एक गोष्ट येते. डेल्फ्टच्या गटाने ॲमस्टरडॅममधल्या एका भल्या मोठ्या ट्रेडमिलवर सायकलस्वारांना चालवायला लावून त्यांच्या हालचाली टिपल्या. तोल सांभाळण्यासाठी माणूस अंग इकडेतिकडे झुकवतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात जवळजवळ सगळं काम हँडलच्या बारीक हालचालींनी होतं. अगदी सावकाश चालवताना मात्र स्वारांचे गुडघे बाजूला हलताना दिसले. याच कामातून डेल्फ्ट आणि गॅझेल या डच सायकल कंपनीने २०१९ मध्ये हँडलमध्ये मोटर बसवलेली एक नमुना सायकल दाखवली. ताशी चार किलोमीटरच्या वर गेलं की ती मोटर सायकल सरळ ठेवायला मदत करते. तिकडे म्हातारी माणसंही सायकल सोडत नाहीत, आणि पडून हाड मोडणं हा त्यांच्यासाठी गंभीर प्रश्न आहे.

रिचर्ड क्लाइन यांच्या वर्गातून जे निघालं ते मला या सगळ्यात सर्वांत मोठं वाटतं. डाउन सिंड्रोम असलेली, स्वमग्न असलेली कितीतरी मुलं सायकल शिकू शकत नाहीत असं धरून चाललं जायचं. बाजूला दोन छोटी चाकं लावली की सायकल कलतच नाही, मग कलल्यावर काय करायचं हे मूल शिकणार कुठून? चाकं काढली की ते पडतं आणि घाबरतं. क्लाइन यांनी मागच्या चाकाच्या जागी रुंद रूळ बसवले. रूळ जवळजवळ सपाट असेल तर सायकल थोडीशीच कलते. मूल सरावलं की कडांकडे जास्त निमुळता होत गेलेला रूळ लावायचा, मग ती अधिक कलते. काही दिवसांत मूल आपसूक दोन चाकांवर येतं. असे रूळ वापरून शिकवणाऱ्या शिबिरांतून, जी आज ‘आयकॅन शाइन’ ही संस्था चालवते, हजारो मुलं सायकल शिकली आहेत. तोलाचं गणित वर्गात शिकवताना सुरू झालेलं काम इथवर आलं.

आपल्याकडे मुलं शिकत आली ती याहून अवघड वाटेने आणि तरीही शास्त्राला धरूनच. सायकल मोठी, मूल लहान, मग दांडीखालून पाय घालून अर्धं पायडल मारायचं. त्यात सायकल एका बाजूला कललेली आणि मूल दुसऱ्या बाजूला, म्हणजे दोघांचं मिळून वजन चाकांवर बरोबर तोललेलं. मागून कॅरियर धरून धावणारा मोठा भाऊ किंवा बाबा खरं तर तोल देत नसतात, वेग देत असतात. वेग आला की पुढचं चाक आपलं काम करू लागतं, आणि कॅरियर सोडला हे मुलाला दहा पावलांनंतर कळतं.

तोल साधला की पुढचा अडथळा हवेचा. तिचं गणित थोडक्यात सांगतो, कारण स्पर्धांमुळे ते सर्वांना बऱ्यापैकी माहीत असतं. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरले आणि ताठ बसून सपाट रस्त्याने ताशी २० किलोमीटरने गेलं, तर साधारण ७५ वॉट ताकद लागते. ३० ला सुमारे २०० वॉट, ४० ला साडेचारशेच्या पुढे. रस्त्याची घासण फारशी बदलत नाही, बाकी सगळं वारा खातो. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट आणि त्यासाठी लागणारी ताकद आठपट. विद्यार्थ्यांनी या वाऱ्याशीही झुंज घेतली आहे. डेल्फ्ट आणि ॲमस्टरडॅमच्या विद्यार्थ्यांच्या संघाने थेंबाच्या आकाराच्या कवचात आडवं झोपून चालवायची सायकल बनवली आणि २०१३ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडातल्या बॅटल माउंटन इथल्या सपाट रस्त्यावर ताशी १३३.७८ किलोमीटरचा विक्रम केला. टोरोंटो विद्यापीठातून निघालेल्या एअरोव्हेलो या गटाच्या टॉड रायकर्टने २०१६ मध्ये तिथेच १४४.१७ गाठले. इंजिन नाही, उताराचा फायदा नाममात्र. फक्त दोन पाय.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलंही माणसाच्या ताकदीवर आणि विजेच्या मोटरवर चालणारी वाहनं बांधतात. ‘एफीसायकल’ नावाच्या देशपातळीवरच्या स्पर्धेत मेहनतीने उतरतात. पण ती वाहनं तीन चाकांची असतात. तिसरं चाक आलं की तोलाचा प्रश्नच संपतो, आणि मला वाटतं सायकलीतलं सर्वांत सुंदर भौतिकशास्त्र तिथेच हातचं जातं.

दोन चाकांच्या तोलावर आपल्याकडे प्रयोग करायला खर्चाचा अडसर नाही. वर सांगितलेले २५ आकडे मोजायला मीटर पट्टी, वजनकाटा, दोरा आणि स्टॉपवॉच पुरतात. चाक किंवा फ्रेम टांगून झोका द्यायचा आणि एका हेलकाव्याला किती वेळ लागतो ते मोजायचं, त्यावरून तो भाग फिरवायला किती जड जातो हे कळतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस आवारातल्या संशोधकांनीही सायकली अशाच टांगून मोजल्या. चाकाचं आउट काढणारा कोपऱ्यावरचा सायकलवाला या कामात प्राध्यापकाइतकाच उपयोगी पडेल. फोर्क उलटा कसा बसवायचा आणि बेअरिंग कुठलं घालायचं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. शाळेच्या मैदानावर रिकामी सायकल ढकलून सोडायची, कुणीतरी बाजूने धक्का द्यायचा, आणि मोबाईलवर चित्रण करायचं. मग कॅरियरला दप्तर लावून तेच, हँडलला पिशवी अडकवून तेच.

या शेवटच्या प्रयोगाचं उत्तर आपल्याला खरोखर हवं आहे. ग्रामीण महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. दप्तर कुठे ठेवल्यावर सायकल जास्त स्थिर राहते, मागे धाकटी बहीण बसली की किती वेगाखाली ती हेलकावू लागते, खडीच्या रस्त्यावर टायरमध्ये हवा किती असावी, हे आकडे आपल्या सायकली आणि आपले रस्ते घेऊन मोजायला हवेत. डच रस्त्यांवर मोजलेलं त्यांच्या उपयोगाचं नाही. एखाद्या जिल्हा परिषद शाळेतल्या आणि जवळच्या पॉलिटेक्निकमधल्या मुलामुलींनी मिळून हे काम एका सहामाहीत पुरं करता येईल.

भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकीच्या शिक्षकांना म्हणूनच विनंती आहे. दिवाळीनंतर दुसरं सत्र सुरू होईल तेव्हा गटप्रकल्पांच्या यादीत सायकल घाला, आणि पहिल्या दिवशी मुलांना उत्तर सांगू नका. सीट धरून ती कलती करायला सांगा, हँडल कुठे वळतं ते पाहू द्या, आणि ते का वळतं हे शोधायला त्यांना महाविद्यालयाच्या सायकल स्टँडवर सोडा.